टूरला पाठवू का? आधी त्याचा गुडघा बघू, मग स्काउटचं बोलू

प्रश्न : ताई, माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, पाच वर्षं एका अकादमीत फुटबॉल खेळतोय. आता त्यांची १८ मुलांची टीम १२ दिवस युरोपात चाललीये. आधी ट्रेनिंग, मग तिथल्या क्लबांबरोबर तीन मॅच आणि शेवटी एक स्पर्धा. लिस्टमध्ये नाव आलं त्या दिवशी पोरगा रात्रभर झोपला नाही. पण खर्च इतका आहे की कर्ज काढावं लागेल. ह्यांचं म्हणणं, मोठ्या क्लबांचे स्काउट, म्हणजे चांगले खेळाडू हेरणारे लोक, मॅच बघायला येणारेत असं अकादमीवाले सांगतायत, आता मागे हटायचं नाही. मुलगा आमच्याशिवाय कधी कुठे राहिलेला नाही. त्यात महिनाभर बघतेय, जिना उतरताना कठडा धरतो, आणि टीव्ही बघताना उजव्या गुडघ्याच्या खाली अंगठ्याने दाबत बसतो. विचारलं तर म्हणतो काही नाही, कोचला सांगू नकोस. मुलांना रोज फोन करायचा नाही असंही अकादमीने सांगितलंय. पाठवू की नको?
– एक आई

उत्तर :

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या जिन्यापाशीच अडकले. खर्च, स्काउट, फोन सगळ्यावर बोलूया, पण तुम्ही जी गोष्ट दोन ओळीत उरकलीत ना तीच माझ्यासाठी सगळ्यात आधी येते. कारण १४ वर्षांचा मुलगा आईला कोचला सांगू नकोस म्हणतो तेव्हा त्याने मनात सगळा हिशोब करून झालेला असतो, की बोललो तर नाव कटणार. आणि मग तो दुखणं अंगावर काढतो, गोळी घेतो, मित्राकडून स्प्रे मागून मारतो, काहीही करतो पण तोंड उघडत नाही. मी बरीच वर्षं मुलांच्या टीमबरोबर मॅनेजर म्हणून फिरलेय, हे मी इतक्या वेळा बघितलंय की तुमच्या पत्रातला तो अंगठा मला डोळ्यासमोर दिसला.

गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगीचं हाड सुरू होतं तिथे एक उंचवटा हाताला लागतो, तो तिथेच दाबतो का बघा. खेळणाऱ्या मुलांमध्ये या वयात तिथे दुखायला लागणं खूप कॉमन आहे, त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात, १९०३ साली दोन डॉक्टरांनी आपापलं वेगवेगळं वर्णन केलं म्हणून दोघांचं नाव लागलं. होतं काय की मुलगा झपाट्याने उंच होतो, मांडीचा पुढचा स्नायू वाटीवरून खाली येऊन त्या उंचवट्याला चिकटलेला असतो, आणि तिथलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. प्रत्येक किक, प्रत्येक उडी, प्रत्येक स्प्रिंट म्हणजे त्या कच्च्या जागेला एक हिसका. जिना उतरताना, उकिडवं बसताना, गुडघा टेकवताना दुखतं. हेच टाचेत झालं की सेव्हर्स, ते थोडं लहान वयात जास्त दिसतं. मी डॉक्टर नाहीये, हेच आहे की दुसरं काही हे हाडाच्या डॉक्टरांनी किंवा खेळाडूंच्या फिजिओने हात लावून बघितल्यावरच कळेल, आणि ते याच आठवड्यात करा. आणि जर अख्खा गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल, झोपेतून दुखून जाग येत असेल, चालताना लंगडत असेल तर मात्र आठवडाही थांबू नका.

घाबरू नका पण. हे बहुतेक मुलांचं वाढ पूर्ण झाली की जातं, आणि खेळ पूर्ण बंद करायला लागतोच असंही नाही, किती खेळायचं ते दुखण्याकडे बघून ठरवायचं असतं. आता टूर म्हटलं की इथेच घोडं अडतं. समजा घरी तो आठवड्याला तीन सेशन आणि एक मॅच खेळतो. टूरवर पहिल्या दिवसापासून सकाळ संध्याकाळ दोन सेशन, मध्ये शहर बघायला पायपीट, मग मॅच, आणि स्पर्धेत तर एका दिवसात दोन दोन मॅच येतात. म्हणजे आत्ताच जिना उतरताना कठडा धरणाऱ्या गुडघ्यावर एकदम दुप्पट तिप्पट भार. वर बरीच मैदानं आर्टिफिशियल टर्फची, तिथे लांब स्टड्सचे, म्हणजे तळाला लांब खुंट्या असलेले बूट रुततात आणि गुडघ्याला पीळ बसतो, म्हणून टर्फचे आखूड स्टड्सवाले बूट वेगळे लागतात, आणि ते निघायच्या आधी महिनाभर घालून सैल झालेले हवेत, विमानतळावर जाताना बॉक्स उघडायचा नाही.

एकदा आमच्याबरोबर एक मुलगा होता, राइट बॅक म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, तुमच्या मुलाच्याच वयाचा. टाच दुखत होती, घरी सांगितलं नाही, आम्हाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी बसमधून उतरला आणि पाऊल टेकवताच खाली बसला. पुढचे सगळे दिवस तो बेंचवर, बर्फाची पिशवी पायाला बांधून, दुसऱ्यांच्या बिब, म्हणजे सरावात जर्सीवरून घालायच्या रंगीत बंड्या, गोळा करून घड्या घालत होता. रोज रात्री त्या बिब तो रंगाप्रमाणे लावून ठेवायचा, कोणी सांगितलं नव्हतं, त्याला काहीतरी काम हवं होतं. मला आजही वाटतं की निघायच्या आधी आम्ही एकेका मुलाला बाजूला घेऊन नीट विचारायला हवं होतं, कुठे दुखतंय का, आणि सांगितलंस तरी तुझी सीट जाणार नाही. ते आम्ही केलं नाही. त्यानंतर मात्र हे विचारल्याशिवाय एकही टूर निघाला नाही.

म्हणून तुम्ही कोचला फोन करायच्या आधी मुलाशी बोला. त्याच्या पाठीमागून सांगितलंत तर पुढचं दुखणं तो तुमच्यापासूनही लपवेल. त्याला म्हणा की आपण दोघं मिळून सांगूया, आणि आधी डॉक्टरांना दाखवून मग कागद घेऊन जाऊया, म्हणजे नुसतं दुखतंय असं न सांगता एवढं खेळू शकतो आणि एवढं नाही असं सांगता येईल. चांगला कोच हे ऐकून मुलाचे सेशन कमी करतो. आणि जो कोच हे ऐकून मुलावर चिडतो त्याच्या ताब्यात १२ दिवस मुलगा द्यायचा की नाही याचं उत्तर तुम्हाला आपोआप मिळालं. वॉर्मअप कसा घेतात तेही विचारा. फिफाचा, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा, ११ प्लस नावाचा २० मिनिटांचा वॉर्मअप आहे, धावणं, ताकद, तोल, उडी मारून नीट उतरणं असं सगळं त्यात येतं. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या टीमवर त्याचा मोठा अभ्यास झाला, २००८ मध्ये छापून आला, आणि नियमित करणाऱ्या टीममध्ये दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी दिसल्या. फुकट आहे, साहित्य लागत नाही, तरी कित्येक ठिकाणी दोन राउंड मारले की झाला वॉर्मअप.

आता स्काउट. इथे मी तुमच्या मिस्टरांशी थेट बोलते, त्यांना हे वाचायला द्या.

दादा, फिफाच्या नियमातलं कलम १९ आहे, १८ वर्षांच्या आतल्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात बदली करता येत नाही. अपवाद आहेत, पण मोजके. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले असतील तर, युरोपियन युनियनच्या आतल्या आत १६ ते १८ वयात अटी पाळून, सीमेच्या अगदी जवळ घर आणि पलीकडे जवळच क्लब असेल तर, आणि अजून थोडे. टूरवर मस्त खेळला म्हणून क्लबाने ठेवून घेतला हा अपवाद त्यात कुठेही नाही. आणि हा नियम नुसता कागदावर नाहीये. लहान मुलांच्या बदल्यांमध्ये हा नियम मोडला म्हणून फिफाने २०१४ मध्ये बार्सिलोनाला शिक्षा केली, २०१५ च्या दोन्ही ट्रान्सफर विंडोत, म्हणजे खेळाडूंच्या बदलीच्या ठरलेल्या मुदतीत, त्यांना नवीन खेळाडू नोंदवता आले नाहीत. २०१६ मध्ये रियल माद्रिद आणि अ‍ॅटलेटिकोवर तशीच कारवाई झाली. एवढे मोठे क्लब अडकले, तर कुठला क्लब १२ दिवसांच्या टूरवर आलेल्या १४ वर्षांच्या मुलासाठी ती जोखीम घेईल? तुम्ही म्हणाल मेस्सी गेला ना १३ व्या वर्षी. गेला, २००० साली, वडिलांबरोबर. मुलांच्या बदल्यांवरचे हे निर्बंध त्याच्या पुढच्या वर्षी, २००१ मध्ये आले, आणि नंतर आणखी कडक झाले.

स्काउट मैदानाच्या कडेला उभा असेलही, मोठ्या स्पर्धांना येतात. पण तो तुमच्या मुलाला पेन देऊन कागदावर सही घेणार नाहीये. आणि मोठ्या क्लबाच्या नावाने ट्रेनिंग असं छापलेलं असलं तर अकादमीला सरळ विचारा, शिकवणारे कोण, त्या क्लबाच्या युथ टीमचे कोच की त्या नावाने कॅम्प चालवणारे वेगळे लोक. कॅम्प चांगले असू शकतात, मुलं तिथे शिकतात, पण क्लबाचा लोगो असलेली जर्सी अंगात घातली म्हणजे क्लबाच्या नजरेत आलो असं होत नाही. जी अकादमी स्काउटच्या नावावर आईवडिलांकडून पैसे काढते ती एकतर नियम माहीत नसलेली आहे किंवा माहीत असून बोलत नाही, आणि मला दोन्हीचा राग येतो, कारण मागे हटायचं नाही हे वाक्य तिथूनच तुमच्या घरात आलं.

मग टूरमध्ये मिळतं काय? मिळतं, भरपूर मिळतं, म्हणून तर मी इतकी वर्षं गेले. आमच्या एका टीमने पहिली मॅच ७-० ने खाल्ली. बसमध्ये कोणी बोलेना. समोरची पोरं काही राक्षस नव्हती, फक्त बॉल पायात येण्याआधीच त्यांनी बघून ठेवलेलं असायचं की पुढे कुठे द्यायचाय, आणि आपली पोरं बॉल आल्यावर मान वर करायची. कोचने ओरडाआरडा केला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त एकच गोष्ट घेतली, बॉल यायच्या आधी खांद्यावरून मागे बघा. तिसऱ्या मॅचला मी कडेला उभी होते, आमचा सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, एरवी घाबरून लांब किक मारणारा पोरगा, बॉल येतोय तोवर त्याने एकदा डावीकडे मान वळवली, एकदा उजवीकडे, आणि एका टचमध्ये पास दिला. ती मॅचही हरलो आम्ही, २-१. पण ती मान वळवणं त्याला घरी बसून वर्षभरात आलं नसतं. शिवाय स्वतःचे मोजे स्वतः धुणं, रूममधल्या मित्राशी भांडण झालं तरी सकाळी त्यालाच पास देणं, भाषा न कळणाऱ्या रेफ्रीचं ऐकणं, हेही येतं.

पण हे सगळं खेळलं तर. म्हणून अकादमीला विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा की माझा मुलगा साधारण किती मिनिटं खेळेल. १८ मुलं आहेत, मैदानात ११. मुलांच्या फुटबॉलमध्ये बाहेर आलेला खेळाडू परत आत पाठवायची मुभा देता येते, आणि त्या स्पर्धेत तशी मुभा आहे का हे आधीच कळतं. असेल तर सगळ्यांना निम्मी निम्मी मॅच देणं अजिबात अवघड नाही, द्यायची इच्छा पाहिजे. काही अकादमी १२ मुलं खेळायला आणि सहा मुलं खर्च भागवायला नेतात, हे कडू आहे पण मी डोळ्यांनी बघितलंय. उत्तर गोलगोल आलं, सगळ्यांना संधी मिळेल वगैरे, तर परत विचारा. प्रत्येक मुलाला किमान निम्मा वेळ असं लेखी देणारी अकादमी असते, नाही असं नाही.

कर्जाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, काढू नका. कारण ते मुलाला कळतं. घरात कितीही हळू बोललात तरी कळतं, आणि मग तो प्रत्येक चुकलेला पास मनात पैशात मोजतो. ज्या गुडघ्याबद्दल तो आत्ता गप्प आहे त्याबद्दल आणखीच गप्प बसेल, कारण आईबाबांनी कर्ज काढलंय. त्याऐवजी अकादमीकडून खर्चाची फोड मागा. हॉटेल, स्टेडियम बघणं, म्युझियम, दोन जर्सी, बॅग, यानेच पॅकेज फुगतं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला १९७५ पासून गोथिया कप ही मुलांची फुटबॉल स्पर्धा होते, जगभरातून दीड हजारांहून जास्त टीम येतात, आणि त्यातल्या खूप साऱ्या टीम शाळांच्या वर्गात गाद्या टाकून झोपतात. ऑस्लोचा नॉर्वे कप १९७२ पासूनचा, तिथेही शाळेत राहतात मुलं. मुलांना त्या वर्गात हॉटेलपेक्षा जास्त मजा येते हे मी खात्रीने सांगते. तर स्वस्तात राहता येईल का, हप्ते होतील का, टीमने मिळून पैसे उभे करता येतील का, हे बाकीच्या पालकांना घेऊन विचारा, एकटीने नको. आणि दुखापत झाली म्हणून जाता आलं नाही तर किती परत मिळणार हे पैसे भरायच्या आधी लेखी घ्या, तुमच्या बाबतीत तर हा प्रश्न कल्पनेतला नाहीच. एवढं करून जमलं नाही तर या वर्षी नाही. मुलगा रडेल, चिडेल, दार आपटेल. १४ व्या वर्षी हुकलेल्या टूरने कोणाचं फुटबॉल संपत नाही.

बरोबर कोण जाणारे हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत म्हणून मी विचारते. १८ मुलांमागे किमान तीन मोठी माणसं हवीत, त्यातला एक फिजिओ असेल तर उत्तम. तीन का, तर एक जण मुलाला घेऊन हॉस्पिटलमध्ये गेला तरी बाकीच्यांकडे दोघं उरले पाहिजेत. एकाही मोठ्या माणसाने मुलांच्या रूममध्ये झोपायचं नाही, एकट्या मुलाला बंद दाराआड बोलवायचं नाही, मसाज वगैरे असेल तर दुसरं कोणी समोर हवं. जाणाऱ्यांची पोलीस तपासणी झालीये का विचारा, आणि मुलाला काही खटकलं तर टीमबाहेरच्या कोणाला फोन करायचा तो नंबर मुलाकडे कागदावर असू दे. हे विचारताना संकोच वाटतो, मला माहितीये, कोच ओळखीचे असतात, वाईट वाटेल असं वाटतं. चांगल्या कोचला वाईट वाटत नाही, त्याच्याकडे उत्तरं तयार असतात. डोक्याला मार लागला तर काय करता हेही विचारा. संशय जरी आला तरी त्या दिवशी मुलगा परत मैदानात नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं, याशिवाय दुसरं उत्तर चालणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा, व्हिसा लागत असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण इतकं शेवटाला ढकलू नका. पासपोर्ट परत निघायच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा हवा. १२ वर्षांवरच्या मुलांचे बोटांचे ठसे घेतात म्हणजे त्याला स्वतः जावं लागेल. दोन्ही पालकांच्या सहीचं संमतीपत्र लागतं. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, पण खरी मेख पुढे आहे, बऱ्याच साध्या प्रवास विम्यात स्पर्धेत खेळताना झालेली दुखापत धरत नाहीत, आणि आधीपासून असलेलं दुखणं तर नाहीच नाही. म्हणजे गुडघा लपवून गेलात आणि तिथे काही झालं तर बिल तुमच्या गळ्यात. पॉलिसीत फुटबॉल हा शब्द शोधा.

राहिला फोन. अकादमी म्हणते रोज नको, यात मी थोडी त्यांच्या बाजूने आहे. मुलं दिवसभर मजेत असतात आणि आईचा आवाज ऐकला की गळा दाटतो, त्यातही पहिल्या तीन चार रात्री, एकतर वेळेचा फरक, झोप लागत नाही, शरीराला साधारण एका तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो जुळवून घ्यायला. पण अजिबात फोन नको हे मला मान्य नाही. ठरलेल्या दिवशी ठरलेली १५ मिनिटं, आणि मुलाला वाटलं तर तो कधीही करू शकतो, असं ठरवून घ्या. आणि निघायच्या आधी एकदा दोन रात्री त्याला कोणा नातेवाइकाकडे तुमच्याशिवाय राहू दे, बॅग त्याची त्यानेच भरायची.

आणि फोनवर खेळलास का, गोल केलास का हे पहिलं विचारू नका. मी हॉटेलच्या पॅसेजमध्ये मुलांना फोन देऊन लांब उभी राहायचे, बेंचवर बसून आलेल्या मुलाला पलीकडून हा प्रश्न आला की तो भिंतीकडे तोंड करायचा आणि म्हणायचा, हो खेळलो. त्यापेक्षा विचारा रूममध्ये कोण आहे, घोरतो का, मोजे वाळले का. आणि मग सहज, शेवटी, आज जिना कसा उतरलास.